वजन वाढलं म्हणून गोळी बंद करू का?

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच वळणाचे आलेत, आजार मनाचा आणि तक्रार शरीराची. त्यातले चार घेतेय. पहिल्याला जरा जास्त जागा देतेय कारण अगदी असंच खूप घरांत चालू असतं आणि कोणी बोलत नाही.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, स्किझोफ्रेनिया आहे. आठ महिन्यांपूर्वी ओलॅन्झापिन सुरू झाली, आवाज ऐकू यायचे थांबले, झोप लागते, आमच्याशी बोलतो. पण वजन १४ किलो वाढलंय. सारखा खातो, रात्री उठून पण खातो. मी पोटावरून काही बोलले की ताटावरून उठून जातो. मागच्या आठवड्यापासून मी त्याला अर्धीच गोळी देतेय, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. माझं चुकतंय का?

उत्तर : ताई, हो, चुकतंय, पण का केलंत ते कळतंय मला. आजच डॉक्टरांना फोन करा आणि आठवडाभर अर्धी गोळी दिली हे सरळ सांगा, पुढे किती द्यायची ते तेच सांगतील. लपवू नका, कारण उद्या आवाज परत यायला लागले तर डॉक्टरांना वाटेल औषध लागू पडत नाही आणि ते डोस वाढवतील, म्हणजे ज्याला घाबरून तुम्ही हे केलंत तेच होईल.

आता भुकेचं. हा हावरटपणा नाही हो. ही गोळी मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे काही रिसेप्टर, म्हणजे त्यांचे निरोप घेणाऱ्या जागा, अडवते, त्याने भूक खवळते आणि पोट भरलं हा निरोपच नीट पोचत नाही. या आजारावरच्या औषधांत ओलॅन्झापिन आणि क्लोझापिन या दोन्हींनी वजन सगळ्यात जास्त वाढतं आणि सगळ्यात भराभर वाढतं ते पहिल्या काही महिन्यांत. म्हणून २००४ साली अमेरिकेतल्या डायबेटिसच्या आणि मानसोपचाराच्या संघटनांनी मिळून सांगून ठेवलंय की असं औषध सुरू करतानाच वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल बघा, मग वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला परत घ्या आणि बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बाराव्या आठवड्याला. यातलं तुमच्याकडे काय काय झालंय? काहीच झालं नसेल तर या आठवड्यात करून घ्या, उशीर झालाय पण फार झालेला नाही.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, साधारण याच वयाचा. त्याच्या पट्ट्याला टोकाच्या अगदी जवळ घरी खिळ्याने पाडलेलं एक भोक होतं, वाकडंतिकडं, कडा फाटलेल्या. मी टेप काढून कंबर मोजली तर म्हणाला, मॅडम दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मोजतंय, बाकी सगळे नुसते बोलतात. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तुमच्या घरात पण बोलणं बंद करा आणि मोजणं सुरू करा, आठवड्यातून एकदा, त्याच वेळेला, आकडा वहीत लिहायचा आणि त्यावर एक शब्द बोलायचा नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. एक, गोळी बदलता येईल का, कारण अ‍ॅरिपिप्राझोल किंवा लुरासिडोनने वजन बरंच कमी वाढतं, पण ज्या औषधावर पोरगं इतकं सावरलंय ते बदलण्यात आजार उलटायचा धोका असतो, तेव्हा बदल हळूहळू आणि त्यांच्या नजरेखालीच व्हायला हवा. दोन, मेटफॉर्मिन चालेल का. ती डायबेटिसची गोळी म्हणून माहीत आहे पण या औषधांनी वाढणाऱ्या वजनाला आवर घालायला पण वापरतात, लवकर सुरू केली तर जास्त उपयोग होतो.

घरात काय करायचं, तर पहिलं म्हणजे तो पितो काय ते बघा. तोंड कोरडं पडतं, तहान लागते, मग बाटलीच्या बाटली कोल्ड्रिंक जातं आणि वजनाच्या हिशोबात ते कोणी धरतच नाही. ते घरातच आणू नका, आणि नियम सगळ्यांना, त्याला एकट्याला नाही. रात्री उठल्यावर हाताला लागेल असं काहीतरी हलकं ठेवा, कारण तो उठणार हे धरूनच चला. आणि "जा जरा चालून ये" म्हणू नका, चप्पल घालून तुम्हीच दारात उभ्या राहा. या आजारात काही करावंसं वाटणंच आटतं, तो आळस नसतो, आणि सोबत असेल तर पाय निघतो. सकाळी गोळीची गुंगी असते म्हणून दुपारनंतर जा.

किती फरक पडेल ते पण सांगते, उगाच आशा लावत नाही. २०१३ साली गंभीर मानसिक आजार असलेल्या २९१ लोकांचा एक अभ्यास आला, अर्ध्यांना आहाराचं मार्गदर्शन आणि गटाने व्यायाम दिला, दीड वर्षाने त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा सरासरी ३.२ किलो जास्त उतरलं होतं. आकडा छोटा दिसेल, पण हे लोक आपापल्या गोळ्या चालू ठेवून उतरले, आणि वजन शेवटपर्यंत हळूहळू उतरतच गेलं. तेव्हा दोन महिन्यांत काही दिसलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : भाऊ क्लोझापिनवर आहे, दिवसाला २० सिगारेटी ओढायचा. दोन आठवड्यांपूर्वी एकदम सोडल्या, आम्ही खूश झालो. पण आता दिवसभर झोपतो, लाळ गळते, बोलताना अडखळतो. सिगारेट परत सुरू करू द्यायची का?

उत्तर : नाही, अजिबात नाही, पण आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे लिव्हर क्लोझापिन भराभर संपवतं, म्हणून ओढणाऱ्यांना डोस जास्त लागतो. धूर थांबला की तोच डोस अंगात साचायला लागतो आणि तुम्ही लिहिलंय तसंच दिसतं. रक्तातली पातळी बघून डोस कमी करतील. ओलॅन्झापिनचं पण असंच आहे. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे निकोटिनची पट्टी किंवा गम चालते. मानसिक आजार असला की व्हॅरेनिक्लिन ही सिगारेट सोडवायची गोळी द्यायला लोक फार घाबरायचे, पण २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात आठ हजारांवर माणसं होती, त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता, आणि व्हॅरेनिक्लिनमुळे मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही, सिगारेट मात्र सगळ्यात जास्त लोकांची त्यानेच सुटली. आणखी एक, भावाला संडासला रोज होते का ते विचारा, लाजू नका. क्लोझापिनमधलं बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं, पोट फुगलं, दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, बायपोलर, लिथियमवर सहा वर्षं व्यवस्थित. जिने चढताना छातीत आवळल्यासारखं होतं. फिजिशियनने गोळ्यांची यादी बघितली आणि "तुमचं ते टेन्शनच आहे" म्हणून परत पाठवलं. मी वेड्यासारखी तक्रार करतेय का?

उत्तर : नाही हो, आणि हे वाचून मला खरंच राग आला. चढताना येतं आणि थांबल्यावर जातं असं असेल तर ते हृदयाचं नाही ना हे आधी बघायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, डायबेटिस, छातीचे आजार अशा टाळता येणाऱ्या कारणांनी होतात. एक कारण हेच की फाईलवर मनाचा आजार दिसला की पुढची तक्रार त्याच्यातच ढकलली जाते. दुसरे डॉक्टर बघा, या दोन दिवसांतच. आत गेल्यावर पहिलं वाक्य छातीचं बोला: किती पायऱ्यांवर येतं, किती मिनिटं राहतं, हात किंवा जबड्याकडे जातं का. गोळ्यांची यादी नंतर द्या, पण द्याच, लपवू नका. ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल मागून घ्या, "टेन्शन आहे" म्हणाले तर "कशावरून, काय तपासलंत" असं शांतपणे विचारा, आणि जमलं तर घरातल्या कोणालातरी सोबत न्या. बसल्या जागी दुखायला लागलं किंवा घाम फुटला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल.

प्रश्न : लिथियम चालू असताना गुडघेदुखीवर आयब्युप्रोफेन घेतली तर चालेल का?

उत्तर : स्वतःच्या मनाने नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी लिथियम किडनीतून बाहेर पडायचं कमी होतं आणि रक्तात वाढतं, साध्या दुखण्याला सहसा पॅरासिटामॉल बरी. जुलाब, उलट्या, खूप घाम झाला तरी ते वाढतं, आणि एकदम मीठ तोडणं पण नको. हात जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जातोय असं झालं तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन. एरवी लिथियमची पातळी, किडनी आणि थायरॉइड साधारण सहा महिन्यांनी बघून घ्या, आणि तपासणीचं रक्त द्यायला सकाळची गोळी न घेता जा, रात्रीच्या डोसला बारा तास झालेले असले पाहिजेत, नाहीतर आकडा चुकीचा येतो.