लहान विमानात कुत्र्याचे कान कसे जपावेत?

प्रश्न : आमचा शेरू हा चार वर्षांचा, १८ किलो वजनाचा गावठी कुत्रा आहे. माझे मेहुणे हौशी वैमानिक असून डिसेंबरात ते आम्हां सर्वांना एका इंजिनाच्या चार आसनी विमानाने गोव्यातील मोपा विमानतळावरून पुण्याला नेणार आहेत. शेरूलाही न्यायचेच, असा मुलांचा हट्ट आहे. नरकासुराच्या रात्री फटाके फुटू लागले की हा पलंगाखालून बाहेर येत नाही. मग इंजिनाचा आवाज त्याला कसा सोसेल? कानांत कापूस घातला तर चालेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : कापूस घालू नका. इंजिनाची आणि पंख्याची घरघर खालच्या पट्टीतली असते व ती कापसाने फारशी अडत नाही. शिवाय कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. बोळा त्या वळणाशी सरकला, तर तो काढण्यासाठी पशुवैद्याकडेच जावे लागते.

तुमची भीती मात्र थोडी चुकीच्या जागी आहे. फटाका अचानक फुटतो म्हणून कुत्रा दचकतो. विमानातला आवाज अखंड असतो आणि त्या कंपनांनी अनेक कुत्री चक्क पेंगू लागतात. शेरूही कदाचित झोपेल; परंतु तो झोपला म्हणून त्याचे कान सुरक्षित आहेत, असे समजू नये. अशा विमानांच्या केबिनमध्ये आवाज ९० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असू शकतो. माणसांसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला जेमतेम एक तास उरतो. तुमचा प्रवास तर दोनेक तासांचा आहे. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मेहुण्यांच्या कानांवर हेडफोन असल्यामुळे त्यांना हा आवाज जाणवणारही नाही आणि शेरू तक्रार करणार नाही.

त्यासाठी कुत्र्यांकरिता बनवलेले कर्णरक्षक मिळतात. त्यांच्या वाट्या कानाच्या मुळाभोवती घट्ट बसल्या पाहिजेत, कारण फट राहिली की उपयोग बराच कमी होतो. म्हणून मागवण्यापूर्वी हनुवटीखालून डोक्याचा घेर मोजा. सवयीसाठी निदान तीन-चार आठवडे हाती ठेवा. पहिल्या दिवशी कर्णरक्षक नुसते हुंगू द्या, मग काही सेकंद चढवून लगेच काटे काढलेल्या बांगड्याचा तुकडा द्या आणि रोज वेळ थोडा थोडा वाढवत न्या. तो निवांत बसू लागला की शेजारच्या खोलीत मिक्सरवर वाटण वाटा. इतके करूनही तो पंजाने ते ओरबाडत असेल, तर त्याला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांचा रुसवा दोन दिवसांत जाईल.

आवाजाइतकेच हवेच्या दाबाकडेही लक्ष द्यावे लागते. सह्याद्री ओलांडताना विमान सहा-आठ हजार फुटांवर जाईल आणि अशा विमानात दाब राखण्याची सोय नसते. कान दुखतात ते बहुधा उतरताना. म्हणून मेहुण्यांना मिनिटाला ५०० फुटांहून वेगाने न उतरण्याची विनंती करा आणि त्या वेळी शेरूला काहीतरी चघळायला द्या, कारण गिळताना कान मोकळे होतात. कानाला सूज किंवा संसर्ग असेल, तर बेत पुढे ढकला.

त्याला मागच्या आसनावर छातीपट्टा घालून आसनपट्ट्याला बांधा. गळपट्ट्याला बांधू नका, कारण धक्का बसला तर मानेला इजा होते. मांडीवरही घेऊ नका, कारण हेलकाव्यात माणसाच्या हातांना १८ किलो वजन धरवत नाही. वैमानिकाच्या पायांशी असलेल्या पेडलांपर्यंत तो कदापि पोहोचता कामा नये. त्याचे वजन भाराच्या हिशेबात धरले का, हेही मेहुण्यांना विचारा. पंखा पूर्ण थांबल्याशिवाय चढ-उतार नको. फिरता पंखा माणसालाही नीट दिसत नाही, मग कुत्र्याचे काय? निघणे सकाळचेच ठेवा, दुपारी घाटावर हेलकावे वाढतात आणि उभे विमान उन्हात भट्टीसारखे तापते.

प्रश्न : आमचा पगही अशाच विमानाने जाणार आहे. त्याला झोपेची गोळी द्यावी का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : देऊ नये. आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, पगची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते आणि गुंगीच्या औषधाने रक्तदाब व तोल दोन्ही ढळू शकतात. तुमच्या जागी मी असतो, तर त्याला चार दिवस आजोळी ठेवले असते.