कुंपणातला बल्ब जीव वाचवत नाही: दोन प्रश्नांना उत्तर

राधानगरी तालुक्यातून प्रश्न आला आहे: दाजीपूरच्या बाजूने गवे आणि डुकरं उसात घुसतात. दुकानदार म्हणतो, तारेत थेट लाईट सोडा, मध्ये १०० चा बल्ब लावा, नुसता झटका बसतो. करू का?

करू नका. हा बल्बचा सल्ला मला दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गावात ऐकू येतो आणि दरवेळी तो चूकच असतो. हिशेब साधा आहे. दाबाला रोधाने भागलं की प्रवाह मिळतो, हा ओहमचा नियम. आपली लाईन २३० व्होल्टची. १०० वॅटचा बल्ब पूर्ण पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम. ओल्या अंगाने चिखलात अनवाणी उभ्या माणसाचा साधारण १००० धरा. बेरीज १५२९, म्हणजे अंगातून जाणार १५० मिलिअँपिअर. १० च्या पुढे मूठ सुटत नाही, ३० च्या आसपास श्वास अडकतो, ५० ते १०० मध्ये हृदयाचा ठोकाच बिघडतो. शिवाय या प्रवाहात बल्ब मंदच पेटतो, तेव्हा त्याचा रोध कमी असतो आणि माणसाच्या वाट्याला आणखी जास्त येतं. ४० चा बल्ब लावला तरी जवळपास १०० मिलिअँपिअर होतातच.

दुकानदार हात लावून दाखवतो, त्याला भुलू नका. त्याचा हात कोरडा, पायात चप्पल, खाली फरशी. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. तुम्ही वाफ्यात पाणी पाजत असता. तुमच्या बांधावर शेजारची बाई वैरण कापायला येते, तिला बल्ब ठाऊकही नसतो. माणूस दगावला तर गुन्हा तुमच्यावर, दुकानदारावर नाही. गवा मेला तरी सुटका नाही, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

कुंपण हवंच असेल तर बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारं झटका मशीन घ्या. त्याचा दाब हजारो व्होल्टचा असतो, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो आणि दोन ठोक्यांत सुमारे सेकंदभर अंतर असतं, म्हणून हात सुटतो. त्या तारेला लाईनची वायर कधीही, एका रात्रीपुरतीसुद्धा, जोडू नका.

शिरोळचा प्रश्न: पाऊस पडला की मोटरीच्या पेटीला झिणझिण्या येतात. गमबूट घालून काम चालवायचं का?

नाही. आज एक-दोन मिलिअँपिअर जाणवतात, कारण पाय कोरडे आहेत. बूट गळका निघाला की तीच पेटी जीव घेईल. आधी मेन खाली पाडा, मग वायरमन बोलवा. आर्थिंग आहे म्हणून निश्चिंत राहू नका. खड्ड्याचा रोध १० ओहम असेल तर जमिनीत २३ अँपिअरच जातात. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खोक्यात, दुहेरी तार भरली असेल तर फ्यूज उडतच नाही आणि पेटी तशीच जिवंत राहते. दुहेरी तार भरू नका, कोणीही सांगू दे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे तेवढी गळती होताच पडून लाईन तोडणारा स्विच, बसवा. दुकानात ३०० चा देतात, म्हणतात हा सारखा पडत नाही. पडत नाही हाच त्याचा दोष आहे, ३०० ला माणूस गेलेला असतो. ३० चा वारंवार पडत असेल तर केबलीत किंवा मोटरीत गळती आहे, ती शोधा. ईएलसीबी काढून सरळ जोडणी करू नका. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा आणि पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, आर्थिंग तपासून घ्या. बटण दाबून ईएलसीबी पडला नाही तर त्याच दिवशी बदला.

सोलर पंपाच्या सरकारी योजनेचंही विचारलंत. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात. सोलर आला म्हणून मात्र ओल्या हाताने वायर उघडू नका, उन्हात पॅनेल बंद होत नाही.

नदीकाठच्यांसाठी आणखी एक: पूर ओसरला की मोटर लगेच चालू करू नका. वाळवा, वायरमनकडून मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावून घ्या, रोध एक मेगाओहमच्या खाली आला तर परत वाळवा.