भारताच्या विमा बाजारात उतरताना दुसऱ्या हप्त्याचं काय?

तुम्ही विचारलंय की युरोपातली एक कंपनी भारतात जीवनविम्याचा धंदा सुरू करायच्या विचारात आहे, तिच्यासाठी तुम्ही पुण्यात बसून बाजाराचा अहवाल लिहिताय, आणि एक गोष्ट तुम्हाला उलगडत नाही: १४० कोटींचा देश, बहुतेकांकडे पुरेसा विमा नाही, तरी बाहेरून आलेल्या कंपन्या गाशा गुंडाळून का जातात?

मी २००२ ते २०१९ एका खाजगी जीवनविमा कंपनीत सांगली जिल्ह्यात होतो. आधी एजंट नेमणं आणि सांभाळणं, नंतर शाखा. त्यामुळे हे उत्तर मुंबईच्या विसाव्या मजल्यावरून दिलेलं नाही, तासगाव-कवठेमहांकाळच्या रस्त्यावरून दिलेलं आहे, एवढं धरून वाचा.

परवान्याचं आधी उरकून टाकतो. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दार उघडलं तेव्हा किमान भांडवल १०० कोटी ठरलं आणि परदेशी हिस्सा २६ टक्के. तो २०१५ ला ४९ झाला, २०२१ ला ७४, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. हैदराबादचं नियामक प्राधिकरण, दीडपट सॉल्व्हन्सी (देणी भागवायला लागेल त्याच्या दीडपट पैसा हाती ठेवायची अट), ॲक्चुअरी (जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ) वगैरे तुमचे वकील आणि सीए बघतील. पैसेवाली कंपनी इथे अडत नाही. ती अडते दुसऱ्या हप्त्यावर.

जीवनविम्यात पहिल्या वर्षी कंपनी पैसे मिळवत नाही, घालवते. एजंटाचं कमिशन, वैद्यकीय तपासणी, शाखेचं भाडं, पॉलिसी छापून घरी पाठवणं, वर राखीव निधी बाजूला काढणं. कायद्यानेच नव्या कंपनीला पहिली दहा वर्षं पहिल्या हप्त्यावर ४० टक्क्यांपर्यंत कमिशन द्यायची मुभा होती, जुन्या कंपनीला ३५. म्हणजे ग्राहकाने दिलेल्या शंभरातले चाळीस दारातच गेले, आणि बाकीचे खर्च अजून उभेच. हे सगळं भरून निघतं ते ग्राहक सात-आठ वर्षं नेमाने भरत राहिला तर. पहिल्या वर्षानंतर तो गळाला, तर कंपनीचंही नुकसान आणि त्याचंही. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत तर पूर्वी एकच हप्ता भरून सोडणाऱ्याच्या हाती काहीच पडायचं नाही. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी वर्षभर भरलेल्यालाही काहीतरी परत मिळायची सोय झाली, पण तोवर पाव शतक उलटून गेलं होतं.

आता तासगावला या. इथला पैसा द्राक्ष-बेदाण्याचा. माल निघतो जानेवारी ते एप्रिल. आमच्या वरच्या लोकांचं टार्गेट मार्चअखेरचं. दोन्हीचा मेळ असा काही छान बसायचा की मार्चमध्ये आम्ही रात्री अकरापर्यंत फॉर्म लॉगिन करायचो. वरून अभिनंदनाचे फोन. वर्ष फिरून पुन्हा मार्च यायचा, तोच हप्ता आता दुसरा म्हणून देय व्हायचा, आणि त्या वर्षी अवकाळीने घड तडकलेले असायचे, किंवा व्यापारी माल उचलून पैसे न देता पसार झालेला असायचा, किंवा भाव पडला म्हणून बेदाणा अजून कोल्ड स्टोरेजमध्येच असायचा. "सौदा झाला की भरतो, साहेब." सौदा व्हायचा जूनला नाहीतर दिवाळीला. वार्षिक हप्त्याला सवलतीचे दिवस, म्हणजे तारीख उलटल्यावर मिळणारी मुदत, ३०. पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद. दिवाळीला हातात पैसा आला की तो माणूस बंद पॉलिसी चालू करायला येत नाही, औषधवाल्याची उधारी मिटवतो आणि उरलं तर लेकीसाठी सोनं घेतो. वाळव्याकडे हेच उसाच्या बिलाचं. कारखान्याचं बिल कधी येतं यावर सगळं गाव चालतं. आमच्या संगणकाला ती तारीख ठाऊक नव्हती.

मी दोनदा वर कळवलं होतं की या भागात हप्त्याची तारीख ग्राहकाला निवडू द्या आणि सवलतीचे दिवस वाढवा. उत्तर आलं, सिस्टीममध्ये बसत नाही.

दुसरी खोड आमचीच. कमिशनमधला भाग ग्राहकाला परत देणं १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ ने गुन्हा आहे. तरी "पहिला अर्धा हप्ता मी भरतो, काका, तुम्ही फक्त सही करा" हे तुम्ही कुठल्याही तालुक्याच्या गावात ऐकाल. काका सही करतात. दुसऱ्या वर्षी पूर्ण हप्त्याची नोटीस आली की काकांना वाटतं आपल्याला फसवलं.

आणि समोर कोण उभं आहे तेही अहवालात मोठ्या अक्षरात लिहा. १९५६ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी अडीचशेच्या आसपास विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था एकत्र करून एलआयसी केली. (देशमुख आपल्या रायगडचे. खाजगी कंपनीत नोकरी करून त्यांचं कौतुक करणारा मी विरळाच.) त्या कायद्याच्या कलम ३७ मध्ये पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी आहे. गावात कुणी कलम वाचलेलं नसतं, पण "सरकारी आहे, बुडणार नाही" हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खाजगी कंपन्या येऊन पंचवीस वर्षं झाली तरी नव्या हप्त्यांतला निम्म्याहून जास्त वाटा एलआयसीचाच आहे. तुमच्या कंपनीचं शंभर-दीडशे वर्षांचं युरोपातलं नाव सांगली स्टँडवर कुणाला सांगाल? आम्ही सांगून पाहिलं. लोक विचारायचे, ऑफिस कुठंय, मालक कोण, आणि तुम्ही गेल्यावर कुणाला भेटायचं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिहासानेच दिलंय. अमेरिकेची न्यूयॉर्क लाईफ २०१२ ला मॅक्स या भारतीय गटाबरोबरच्या विमा कंपनीतून बाहेर पडली. डच आयएनजीने २०१३ मध्ये इथल्या विमा कंपनीतला आपला हिस्सा एक्साईडला विकला, आणि ती विमा कंपनी पुढे एचडीएफसी लाईफमध्ये विरघळली. बजाजबरोबर २००१ पासून असलेल्या जर्मन आलियान्झने २०२५ ला वेगळं व्हायचं ठरवलं. ग्राहकाच्या कागदावरचं नाव बदलतं, पैसे सुरक्षित असतात, पण हे त्याला समजावून सांगायला कुणी जात नाही. वीस वर्षांची पॉलिसी घेणारा माणूस कंपनी वीस वर्षं टिकेल का एवढंच तर बघत असतो.

युलिपचा, म्हणजे हप्त्यातला पैसा शेअर बाजारात गुंतवणाऱ्या पॉलिसींचा, काळ मी आतून पाहिलाय, त्याबद्दल थोडं जास्त लिहितो. २००५ ते २००८, शेअर बाजार चढता. "तीनच हप्ते भरायचे, मग विसरून जायचं" हे वाक्य मी स्वतः प्रशिक्षणात ऐकलं आणि पुढे एजंटांना शिकवलंही. पहिल्या हप्त्यातला किती भाग शुल्कात जातो हे फॉर्मच्या मागच्या पानावर असायचं. २००८ ला बाजार कोसळला, आणि तीन वर्षं भरून लोक पैसे काढायला आले तेव्हा भरलेलेही मिळेनात. सप्टेंबर २०१० पासून शुल्कावर मर्यादा आली आणि लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याचा काळ, तीनवरून पाच वर्षांवर गेला. एजंटांचं गणित मोडलं, माझ्या शाखेतले निम्मे एजंट वर्षभरात दिसेनासे झाले. देशाच्या आकड्यात हे वाचायचं असेल तर सकल उत्पन्नाशी विमा हप्त्यांचं प्रमाण बघा. २००१ ला २.७१ टक्के, २००९ ला ५.२, आणि २०२३-२४ ला ३.७. लोकसंख्या वाढली, बँक खाती वाढली, मोबाईल आले, तरी आपण २००९ च्या मागे. माझ्या मते याचं मोठं कारण त्या चार वर्षांत आम्ही गोळा केलेले पहिले हप्ते.

दाव्याबद्दल एकच प्रसंग सांगतो. आमच्या भागातल्या एका वाडीत एका वर्षात तीसेक पॉलिसी झाल्या होत्या. त्यातला एकजण दोन वर्षांच्या आत गेला. फॉर्म एजंटाने भरलेला, प्रकृतीच्या सगळ्या रकान्यांत "नाही". माणसाला मधुमेह होता, गावाला माहीत होतं, एजंटालाही. दावा फेटाळला गेला. कायद्याने तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही, पण हा तीनच्या आतला. कागदावर कंपनी बरोबर होती. पुढच्या वर्षी त्या वाडीतून एकही हप्ता आला नाही, आणि मी त्या रस्त्याने गाडी घालणं सोडून दिलं.

तुम्ही म्हणाल हे सगळं जुनं झालं, आता खात्यातून आपोआप पैसे कापले जातात. कापले जातात, खात्यात असले तर. पंतप्रधान जीवनज्योती योजनेचे वर्षाचे ४३६ रुपये मेअखेरीस कापतात. मेअखेर म्हणजे बी-बियाणं, खतं आणि शाळेची फी. वर्षातला सगळ्यात कोरडा महिना. दोन लाखांचं संरक्षण ४३६ रुपयांसाठी थांबलेलं मी नात्यातच पाहिलंय. बँकेमार्फत विक्रीचंही तसंच. बँक आता नऊ जीवनविमा कंपन्यांशी करार करू शकते, कर्ज मंजूर करताना पॉलिसी सहज गळ्यात पडते. पहिला हप्ता मिळेल. पुढचं तुम्ही जाणता.

तुमच्या साहेबांना माझा सल्ला विचाराल तर: पहिली पाच वर्षं देशभर पसरू नका. एक विभाग धरा, तिथल्या पिकाच्या, दुधाच्या नाहीतर पगाराच्या तारखांप्रमाणे हप्ते बांधा, फॉर्म भरताना माणसाशी स्वतः फोनवर बोला, आणि एजंटाचं कमिशन पहिल्या वर्षाकडून पाचव्या वर्षाकडे सरकवा. चांगले एजंट आधी कुरकुर करतील, वाईट येणारच नाहीत. हे मांडल्यावर संचालक मंडळ "मग वाढ कुठे आहे?" असं विचारेल. तेव्हा त्यांच्यासमोर प्रत्येक विमा कंपनीच्या संकेतस्थळावरचे पब्लिक डिस्क्लोजरचे कागद ठेवा. त्यात पर्सिस्टन्सीचा, म्हणजे किती पॉलिसींचे हप्ते अजून चालू आहेत याचा, तक्ता असतो. तेराव्या महिन्याचा आकडा सगळेच मिरवतात, तुम्ही एकसष्टाव्या महिन्याचा बघा. तालुक्यानिहाय आकडे त्यात मिळणार नाहीत. त्यासाठी तासगावला बेदाण्याच्या सौद्याच्या दिवशी या, चहा माझ्याकडून.