प्रॉक्समॉक्समध्ये सीपीयू टाइप ‘होस्ट’ ठेवावा का? आणि बायोस बदलल्यावर विंडोज बूट का होत नाही?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. प्रॉक्समॉक्सच्या (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) क्लस्टरमध्ये एक झिऑन ई५ व्ही२ आणि एक ई५ व्ही४ असताना सीपीयू टाइप (व्हीएमला कोणता प्रोसेसर दाखवायचा ते) कोणता ठेवायचा आणि ‘एमडी-क्लिअर’, ‘एसएसबीडी’ हे सुरक्षेचे फ्लॅग (प्रोसेसरची एखादी सोय व्हीएमला दाखवणाऱ्या खुणा) लावायचे का, हा पहिला. विंडोज १० ची व्हीएम ११ वर नेण्यासाठी सीबायोसचं (जुन्या पद्धतीचं बायोस) ओव्हीएमएफ (नव्या, यूईएफआय पद्धतीचं) केलं आणि आता ती उठतच नाही, हा दुसरा. अशी वेगवेगळ्या पिढ्यांची यंत्रं मीही सांभाळतो. दोन्हींचं सांगतो.

सीपीयू टाइपला हात लावण्याआधी होस्टचा, म्हणजे ज्या प्रत्यक्ष यंत्रावर व्हीएम चालतात त्याचा, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली, दुरुस्त करता येणारी आज्ञावली) बघा. प्रॉक्समॉक्स म्हणजे आत डेबियनच. डेबियन १२ पासून इंटेल-मायक्रोकोड हे पॅकेज ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या विभागात असतं. हा विभाग रिपॉझिटरीच्या यादीत घातलेला नसेल तर पॅकेज सापडतच नाही, आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. पॅकेज टाका, होस्ट रीबूट करा. मग होस्टवर /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज या फोल्डरमधल्या फाइली वाचा. तिथे ‘एमडीएस’च्या (प्रोसेसरच्या बफरमधून माहिती गळण्याची त्रुटी) फाइलीत ‘क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड’ असं आलं, तर मायक्रोकोड अजून जुनाच आहे. व्हीएममध्ये कितीही फ्लॅग लावले तरी मग उपयोग नाही.

गंमत अशी की होस्ट ठणठणीत असला तरी व्हीएमच्या आत हेच वाक्य दिसू शकतं. व्हीएम स्वतः मायक्रोकोड चढवू शकत नाही. प्रोसेसरला कोणत्या सोयी आहेत हे तिला क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्षात चालवणारा प्रोग्रॅम) सांगेल तेवढंच कळतं. ‘एमडी-क्लिअर’ फ्लॅग दिला नाही तर आतला कर्नल बफर पुसायची सूचना देतो खरा, पण ती लागू पडते की नाही याची त्याला खात्री नसते. म्हणून ते ‘अटेम्प्टेड’. फ्लॅग व्हीएमला नवं संरक्षण देत नाहीत. होस्टकडे जे आहे ते तिच्या नजरेस आणून देतात.

आता टाइप. ‘होस्ट’ ठेवला तर प्रोसेसरचं जवळपास सगळं आत जातं, सुरक्षेचे फ्लॅगही. एकच सर्व्हर असता तर लिनक्सच्या व्हीएमसाठी मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं. पण तुमच्याकडे आयव्ही ब्रिज (व्ही२) आणि ब्रॉडवेल (व्ही४) अशी जोडी आहे. ब्रॉडवेलवर ‘होस्ट’ने सुरू झालेली व्हीएम चालू अवस्थेत आयव्ही ब्रिजवर हलवलीत, तर तिने आधी पाहून ठेवलेल्या एव्हीएक्स२ सारख्या सूचना तिथे नसतातच, आणि ती कोसळते. प्रॉक्समॉक्स ८ पासून नवी व्हीएम बनवताना जो टाइप आपोआप येतो, तो एक्स८६-६४-व्ही२-एईएस. दोन्ही यंत्रांवर तो बिनबोभाट चालतो, पण सुरक्षेचे फ्लॅग त्यात नाहीत. तुमच्या जागी मी ‘आयव्हीब्रिज-आयबीआरएस’ निवडेन. नावातल्या शेपटामुळे ‘स्पेक-सीटीआरएल’ आपसूक येतो, म्हणजे २०१८ च्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीच्या दुसऱ्या प्रकारावर लागणारी सोय. वरून तीन फ्लॅग हाताने चालू करा: ‘पीसीआयडी’, ‘एसएसबीडी’ आणि ‘एमडी-क्लिअर’. ‘पीसीआयडी’ने सुरक्षा वाढत नाही. मेल्टडाउन या दुसऱ्या त्रुटीवरच्या उपायामुळे जो वेग जातो त्यातला बराचसा तो परत मिळवून देतो. हॅसवेलपासूनच्या मॉडेलांत तो आधीच असतो, आयव्ही ब्रिजमध्ये सांगावा लागतो.

होस्टकडे नसलेला फ्लॅग मागितलात तर व्हीएम सुरूच होत नाही आणि तसा संदेश येतो. चिडू नका, हे चांगलंच आहे. आणि व्हीएमच्या आतून रीस्टार्ट करून बदल लागू होत नाही. पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, कारण हे सगळं क्यूईएमयूची प्रोसेस सुरू होतानाच वाचलं जातं.

पुढे कधी एएमडी घेतलंत तर एक लक्षात ठेवा: ‘व्हर्ट-एसएसबीडी’ हा फ्लॅग प्रत्यक्ष प्रोसेसरवर नसतोच, त्यामुळे तिथे ‘होस्ट’ टाइपसोबतही तो वेगळा लावावा लागतो. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकदम दोन कामं चालवणं) बंद करायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. परक्या लोकांना व्हीएम भाड्याने देत असाल तर तो विचार जरूर करा. सगळ्या व्हीएम ऑफिसच्याच असतील तर मी बंद करणार नाही.

आता बूट. तुमची विंडोज सीबायोसवर बसवलेली, म्हणजे डिस्क एमबीआर (विभाजनांची जुनी मांडणी) पद्धतीची. ओव्हीएमएफ हे यूईएफआय आहे, ते ईएफआय विभाजन शोधतं आणि ते तिथे नाहीच. डेटा गेलेला नाही. आधी बॅकअप घ्या, सेटिंग पुन्हा सीबायोस करा आणि विंडोज उठवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की व्हीएमच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. मग प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एमबीआर२जीपीटी’ (डिस्क नव्या जीपीटी मांडणीत बदलणारं साधन) चालवा, आधी ‘व्हॅलिडेट’ आणि मग ‘कन्व्हर्ट’. दोन्ही वेळा ‘अलाऊफुलओएस’ जोडून. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्राथमिक विभाजनं असतील तर ते नकार देतं. काम झालं की व्हीएम बंद करा, ओव्हीएमएफ निवडा, ईएफआय डिस्क जोडा आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या चिपचं आभासी रूप) जोडा.

ईएफआय डिस्कवर लोक कंजुषी करतात. ती अगदी चिमुकली असते, पण बूटच्या नोंदी आणि सिक्युअर बूटच्या (सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) किल्ल्या तिच्यातच राहतात. ती नसेल तर व्हीएम बंद झाल्यावर त्या नोंदी पुसल्या जातात. जोडताना ‘प्री-एनरोल कीज’वर खूण ठेवा. नंतर तो पर्याय नुसता बदलता येत नाही. डिस्क काढून नवी करावी लागते, नाहीतर सुरू होताना एस्केप दाबून ओव्हीएमएफच्या मेनूत शिरावं लागतं. शक्यतो प्रॉक्समॉक्स अद्ययावत करूनच ही डिस्क बनवा. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपत जाते आणि जुन्या डिस्कांत तेवढीच प्रमाणपत्रं असतात.

मशीनचा प्रकार (व्हीएमला दिसणारा मदरबोर्ड) आय४४०एफएक्सवरून क्यू३५ करायचा मोह याच वेळी होतो. तो आवरा. ओव्हीएमएफला क्यू३५ची सक्ती नाही. तो बदल केला की विंडोजला नेटवर्क कार्ड नवं वाटतं आणि हाताने दिलेला आयपी जुन्या कार्डापाशीच राहतो. दोन्ही एकदम केलंत तर बिघाड कशामुळे झाला तेच कळणार नाही. आधी विंडोज उठू द्या, आठवडाभर चालू द्या, मग बघा.

बूट ऑर्डरमध्ये फक्त सिस्टिमच्या डिस्कवर खूण ठेवा. नेटवर्कवरची काढा, नाहीतर काही चुकलं की व्हीएम पीएक्सईची (नेटवर्कवरून बूट होण्याची) वाट बघत बसते आणि आपल्याला वाटतं डिस्कच गेली. डिस्क आयडीई किंवा साटावर असेल तर आत्ताच व्हर्टआयओवर (व्हीएमसाठीचा वेगवान डिस्क-जोड) नेऊ नका. आधी आत ड्रायव्हर बसवा.