चौघींना एकाच पद्धतीनं सुपरव्हिजन देऊ नकोस

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. हाताखाली चार केसवर्कर (एकेका पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना मदत करणाऱ्या समाजकार्यकर्त्या), सोमवारी चौघींची एकत्र बैठक, रजिस्टर तपासणं, महिन्याचे आकडे गोळा करणं, असं तू लिहिलं आहेस. यात गैर काही नाही, पण ही अजून क्लिनिकल सुपरव्हिजन, म्हणजे केसवर्करला तिच्या केसच्या कामात शिकवणं आणि सावरणं, नव्हे. समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कडुशिन यांनी सुपरव्हिजनची तीन कामं मांडली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचं. आपल्याकडे पहिलं काम सहसा उरलेल्या दोन्हींना गिळून टाकतं, कारण फंडरचा, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट कायम डोक्यावर असतो. म्हणून आकड्यांचा वार वेगळा ठेव आणि केसचा वेगळा. केसच्या वारी प्रत्येकीला स्वतंत्र वेळ दे.

आता मुख्य मुद्दा. चौघींना सारखंच वागवणं म्हणजे न्याय, असं तुला वाटतं आहे. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. स्टोल्टेनबर्ग आणि डेलवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये मांडलेल्या विकास-प्रतिमानात (काम शिकताना माणूस कसा टप्प्याटप्प्यानं घडतो, याच्या मांडणीत) तीन गोष्टींकडे बघायला सांगितलं आहे: केसवर्करचं लक्ष स्वतःवर आहे की समोरच्यावर, तिची कामाची ओढ कितपत स्थिर आहे आणि ती किती स्वतंत्रपणे काम करते. टप्पा (नवखी, मधली की मुरलेली) यांवरून ठरव, नोकरीची वर्षं मोजू नकोस. टीबीच्या वॉर्डात पाच वर्षं मुरलेली बाई कौटुंबिक हिंसाचाराच्या केसवर आली की तिथे ती नवखीच असते, आणि तिला ते कबूल करायला लाज वाटते.

नवखीचं सगळं लक्ष स्वतःवर असतं: मी बरोबर बोलले ना, काही चुकलं तर नाही ना? उत्साह भरपूर, भीतीही तेवढीच. तिला आठवड्याला एक तास, ठरलेल्या वारी, न चुकता दे. मुलाखतीतल्या पंधरा मिनिटांचं प्रोसेस रेकॉर्डिंग मागव. तीन रकाने: कोण काय बोललं, त्या क्षणी मला काय वाटलं, मी काय केलं आणि का. समज, तिनं लिहिलं, ‘पेशंट सहकार्य करत नाही, घरी सगळं ठीक आहे म्हणते.’ तू विचार, ‘तेव्हा नवरा कुठे उभा होता?’ तो शेजारीच उभा असतो. मग त्याला औषधाच्या खिडकीवर रांगेत पाठवून बाईशी एकटीशी कसं बोलायचं, ते तिला करून दाखव. पुढच्या वेळी तिनं ते केलं की ‘छान’ एवढ्यावर थांबू नकोस. नेमकं काय छान झालं ते सांग.

या टप्प्यावर ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न जपून वापर. नवखीला तो तोंडी परीक्षेसारखा लागतो आणि ती पुढच्या वेळी अवघड केस आणतच नाही. काही बाबतीत तर तिच्या मतावर सोडायचंच नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. कुणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर त्याच दिवशी, त्याच तासाला तुला फोन. हे कार्डावर लिहून तिच्या डायरीत चिकटव.

सगळ्यात जास्त दमवतो तो मधला टप्पा. लक्ष आता समोरच्या माणसावर गेलेलं असतं, इतकं की ती त्यात बुडते. रात्री अकराला क्लायंटचे फोन घेते, स्वतःच्या पर्समधून भाड्याला पैसे देते, आणि पंधरा दिवसांनी तीच केस टाळू लागते. तुझ्याशी वादही घालते. इथे सुपरवायझर दोन प्रकारे चुकतात: हा उर्मटपणा समजून नियम आवळतात, नाहीतर ‘आता हिला सगळं येतं’ म्हणून सोडून देतात. तू तास तसाच ठेव, पण त्या तासात काय बोलायचं ते तिला ठरवू दे. पैसे आणि फोनच्या वेळांचा नियम मात्र लेखी असू दे.

‘ती बाई तिसऱ्यांदा नवऱ्याकडे परत गेली, आता काही उपयोग नाही,’ असं ती म्हणेल. तेव्हा समजूत घालू नकोस, कागद घेऊन हिशेब मांडायला लाव. मानखुर्दला खोली घ्यायची तर डिपॉझिट कोण देणार? रेशनकार्ड कुणाच्या नावावर आहे? पोरांची शाळा? माहेर किती दिवस ठेवून घेईल? आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे त्याच घरात राहायचा तिचा हक्क आहे, हे तिला कुणी सांगितलं का? हिशेब मांडला की परत जाण्यामागचं कारण दिसतं आणि केसवर्करचा राग उतरतो. राग उतरला नाही, तर हळूच विचार की ही केस तुला कुणाची आठवण करून देते. उत्तर कामापुरतंच ऐक. तिच्या स्वतःच्या घरातलं दुखणं निघालं तर बाहेरच्या समुपदेशकाकडे पाठव. तू तिची थेरपिस्ट नाहीस, आणि तिचं मूल्यमापनही तूच करणार आहेस.

मुरलेल्या केसवर्करला पंधरा दिवसांनी भेटलीस तरी चालेल, पण भेट बंद करू नकोस. ती नोंदी त्रोटक लिहू लागली, उत्तरं फार खात्रीनं देऊ लागली, की जुनी केस उघडून प्रश्न विचार. टिस किंवा निर्मला निकेतन या मुंबईतल्या समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थांचे फील्डवर्कचे विद्यार्थी तिच्याकडे दे. शिकवताना तिला आपल्या सवयी दिसतात.

टप्पा ठरवताना प्रत्येकीच्या अलीकडच्या दोन नोंदी वाच आणि मुलाखत, संकटाचा अंदाज, कुटुंबाबरोबरचं काम, पोलीस-कोर्टाचं काम यांपुढे पेन्सिलनं 1 (नवखी), 2 (मधली) किंवा 3 (मुरलेली) लिही. एकाच व्यक्तीपुढे तीनही आकडे येतील. दर तीन महिन्यांनी ते तिच्यासोबत बसून बदल. हा कागद पगारवाढीला जोडलास तर चुका तुझ्यापर्यंत पोहोचणं थांबेल.

आणखी एक. सुपरवायझरलाही टप्पे असतात. नवी सुपरवायझर आणि मधल्या टप्प्यातली केसवर्कर ही जोडी फार अवघड जाते. अशा केसवर्करसाठी पहिले सहा महिने संस्थेतल्या जुन्या सुपरवायझरचा आधार माग.

जागेचंही बघ. ओपीडीच्या कॉरिडॉरमध्ये किंवा लोकलमध्ये उभ्यानं झालेलं बोलणं सुपरव्हिजन म्हणून धरू नकोस. दार लागेल अशी खोली आठवड्यात ठरावीक वेळेला मिळावी, असं लेखी मागून घे. पहिल्या भेटीतच सांग की इथे बोललेलं कुठपर्यंत गुप्त राहील आणि कोणत्या गोष्टी तुला वर कळवाव्याच लागतील. नंतर सांगितलंस तर तिला फसवल्यासारखं वाटेल.

तुझी,
ताई