गॅरेजच्या जागेवर लाल माती ओढण्याआधी खालच्या अंगाची विहीर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लांज्याजवळ महामार्गाला लागून ६ गुंठे घेतलेत, तिथे पंचवीसेक वर्षं ट्रकचं गॅरेज होतं, आता घर बांधायचंय. जमीन काळी, तेलकट. ठेकेदार म्हणतो, वर दोन डंपर लाल माती ओढू, कोबा करू, विषय संपला. त्याचं ऐकावं का?

नका ऐकू. इतक्या ठामपणे सांगतो, कारण हे आमच्याच घरात घडलंय. काकांचं गॅरेज बंद झाल्यावर आम्हीही चिरेखाणीची माती आणून वर पसरली होती. दोन पावसाळे काही कळलं नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात खालच्या घरातली वहिनी कळशी घेऊन आमच्या खळ्यात आली. "भावोजी, वास घेऊन बघा," एवढंच म्हणाली. पाण्याला डिझेलचा वास होता. तिच्या घरात तेव्हा चार महिन्यांचं बाळ होतं. त्या दिवसापासून मी या कामात शिरलो, आणि अजून कुठेही गेलो तरी आधी विहीर विचारतो.

आपल्याकडे हे असं का होतं, ते समजून घ्या. जांभा दिसायला कातळ, पण आतून भोकाभोकांचा. वर पडलेलं पाणी त्यातून सरसर खाली जातं आणि खालच्या शेडीवर अडतं. शेडी म्हणजे चिकण, पाणी तिच्यातून सहज उतरत नाही. मग ते उताराच्या दिशेने आडवं चालतं आणि झरा होऊन कुठेतरी फुटतं, नाहीतर कुणाच्या विहिरीत उतरतं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून तेही त्याच वाटेने जातं. शिवाय मे महिन्यात तळाला गेलेलं पाणी जुलैत पार वर येतं. त्या चढ-उतारात तेल जांभ्याच्या भोकांना वरपासून खालपर्यंत चोपडलं जातं. वरून टाकलेल्या लाल मातीने यातलं काहीच थांबत नाही, फक्त तुम्हाला दिसायचं बंद होतं.

तेव्हा पहिलं काम तुमच्या जागेत नाही. खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्याकडे जा, खरं काय ते सांगा, आणि पोहरा काढून बघा. इथे एक फसगत होते. जांभ्याच्या पाण्यावर लोहाच्या जिवाणूंमुळेसुद्धा इंद्रधनुषी तवंग येतो आणि माणसं उगाच घाबरतात. काडीने तवंगात रेघ ओढा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर बहुधा लोहाचा. काडी गेल्यावर पुन्हा एकत्र जुळून आला तर तेलाचा. ही नुसती पहिली चाचणी, खात्री प्रयोगशाळेतच होणार. संशय असेल तर अहवाल येईपर्यंत ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं बंद. गॅरेजच्या बॅटऱ्यांतलं शिसंही पाण्यात उतरलेलं असू शकतं, आणि उकळल्याने शिसं जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जंतूंसाठी आहे, तिचा इथे उपयोग नाही.

आता जागा. गॅरेजमध्ये काम करणारा एखादा जुना मेस्त्री गाठा आणि त्याला जागेवर फिरवा. काळं ऑईल कुठे ओतायचे, गाडीखाली उतरायचा खड्डा म्हणजे पिट कुठे होता, त्याला खाली काँक्रीट होतं का, बॅटऱ्या कुठे उघडायचे, डिझेलचं पिंप कुठे असायचं. अर्ध्या तासात तो जे दाखवेल ते यंत्राने आठवड्यात सापडणार नाही. पेट्रोल गाड्यांचं कामही व्हायचं का, तेही विचारा. भारतात सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल २००० साली आलं, त्याआधीच्या सांडलेल्या पेट्रोलचं शिसं मातीत तसंच असतं.

नमुने त्या-त्या ठिकाणी वरचा एक, अर्ध्या मीटरचा एक आणि शेडी लागेपर्यंत जाता आलं तर तिथला एक, असे घ्या. एक नमुना डोंगराच्या बाजूच्या कोऱ्या मातीचा हवाच, नाहीतर तुलना कशाशी करणार? तेलाच्या तपासणीसाठी माती काचेच्या बरणीत काठोकाठ भरा आणि बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी पाठवा. सैल भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून पेट्रोलचा अंश वाटेतच उडून जातो आणि अहवाल खोटा चांगला येतो. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची प्रयोगशाळा बघा. मातीसाठी टीपीएच (म्हणजे डिझेल-ऑईलसारख्या तेलांचं एकूण प्रमाण), बेंझीन गटातली द्रव्यं, शिसं आणि कॅडमियम एवढं सांगा. विहिरीच्या पाण्यातही शिसं तपासायला सांगा, पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या पुढच्या गोष्टीत. तेलाची माती आणि शिशाची माती ही दोन वेगळी कामं आहेत. जेसीबीवाला सगळं एका ढिगात ओढतो आणि पाऊण ब्रासचा प्रश्न दहा ब्रासचा होतो. बॅटरीचा कोपरा आधी, हाताने, वेगळा काढा आणि जाड ताडपत्रीच्या पिशव्यांत बांधा. शिसं कुजत नाही, त्याला कुठलाच जिवाणू खात नाही. बॅटरीतल्या आम्लाने ते आणखी सुटं होतं आणि आपली जांभ्याची मातीही मुळात आम्लधर्मीच. लहान मुलं अंगणात खेळून तोच हात तोंडात घालतात, म्हणून या कोपऱ्यात काटकसर करू नका.

डिझेल आणि ऑईल मात्र जिवाणू खातात. त्यांना हवा, ओल आणि खाद्य लागतं. ढीग करायचा झाला तर खाली जाड प्लॅस्टिक, कडेने बांध, वर शेड. मातीत भाताचं तूस किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळून ती पोकळ करा, चुन्याने आम्लपणा उतरवा, शेणखत, थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट द्या. पंधरवड्याला परता. ओल इतकी, की मूठ आवळली तर गोळा व्हावा पण थेंब पडू नये. टेरी संस्थेने भारतात तयार केलेलं ऑईलझॅपर हे तेल खाणाऱ्या जिवाणूंचंच मिश्रण आहे. डिझेल काही महिन्यांत उतरतं. काळं ऑईल चिवट, त्याला एखादं वर्षही लागतं आणि शेवटचा अंश राहतोच. हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांना विचारूनच करा, आणि ती माती नंतर भाजीच्या वाफ्यात घालू नका.

जी माती सुधारण्यासारखी नाही, ती घातक कचरा म्हणून मान्यताप्राप्त केंद्रातच जाते. कोकणाला जवळचं केंद्र तळोज्याचं. गाडीबरोबर घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतला फॉर्म १०, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, असलाच पाहिजे. "मी कुठेतरी टाकून येतो" म्हणणारा ती पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकतो, आणि मग दुसऱ्या कुणाची तरी कळशी. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केलेत आणि खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकण्याचं तत्त्व त्यात आहे, म्हणून खरेदीखत घेऊन वकिलालाही एकदा भेटा.

खणताना जांभ्याच्या भोकांत तेल दिसत राहिलं तर पाताळापर्यंत जाऊ नका. खालच्या अंगाला आडवा चर खणून तरंगणारं तेल शोषक गाद्यांनी उचला, आणि वरच्या अंगाला दुसरा चर काढून डोंगराचं पाणी जागेत शिरूच देऊ नका. खड्डा बुजवण्याआधी तळाचे आणि चारी भिंतींचे नमुने पुन्हा तपासा. तेवढं झाल्याशिवाय पायाची आखणी नको.

वेळेचं म्हणाल, तर आता एप्रिल अर्धा सरला. पावसाआधी विहिरींची तपासणी, मातीचे नमुने, पिटमधलं तेलकट पाणी परवानाधारकाकडून उपसणं आणि बॅटरीचा कोपरा, एवढंच होईल. मोठं खोदकाम दसऱ्यानंतर. जूनमध्ये खड्डा उघडा राहिला तर सगळा पाऊस त्यातून खालच्या घरांकडे जाईल.