खाडीकाठच्या गावाला प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल मोफत कोण तपासून देईल?

मिळतात तज्ज्ञ, पण ‘आमची खाडी वाचवा’ एवढ्यावर कोणी हलत नाही. नेमका प्रश्न घेऊन जा. आमच्याकडच्या अहवालात पाण्याचे नमुने डिसेंबर ते फेब्रुवारीतले होते. कोकणातली खाडी पावसाळा सोडून मोजायची, म्हणजे आंबा न चाखता बाठ्यावरून भाव ठरवायचा! ‘या तीन महिन्यांच्या आकड्यांवरून जुलैचं काय कळतं?’ असं विचारलं की शास्त्रज्ञाला पकडायला जागा मिळते.

तुमच्या बाजूने वकील असेल तर त्याला ‘ईलॉ’ला (ELAW) लिहायला सांगा. ही अमेरिकेतली संस्था. तिथले शास्त्रज्ञ जगभरच्या अशा वकिलांना ईआयए, म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालातल्या त्रुटी फुकट काढून देतात. मासळीबद्दल रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात, गावपातळीच्या अभ्यासासाठी आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ (CTARA) या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात विचारून बघा. प्राध्यापकाला थेट भेटा, ईमेल तिथेच कुजतात.

वेळ मात्र कमी असतो. केंद्राच्या 2006 च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी हवी, आणि अहवालाचा सारांश मराठीतही हवा. पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. मूळ आकड्यांचे तक्ते बहुतेकदा शेवटच्या परिशिष्टात असतात, त्यांचे फोटो आधी काढा.

आणि गावातल्या कालवं काढणाऱ्या बायकांना सोबत न्या. कुठल्या खडकावर कधीपासून कालवं धरत नाहीत, हे त्यांच्याइतकं नेमकं कुठल्याच अहवालात नसतं.